रचलेली चूल

४ नोव्हेंबर

पोचले! खोपटाला कुलूप नाहीच, इथे कोणी लावत नाही. लोखंडी चूल आयती रचलेली — बर्च झाडाची सालं, वर ढलप्या, शेजारी काडेपेटी. काडी लावली की भडकली.

महिनाभर राहून बघायचं. जमलं तर हा डोंगरउताराचा तुकडा विकत घ्यायचा. ड्वाइटचं फोनवरचं हसणं अजून कानात आहे. "ताई, फेअरबँक्सच्या शाळेत जन्मभर पोरांना जेवू घातलंस, आता अस्वलांना घालणार?" हो, घालीन! पिकवीन, लाकडं फोडीन, पण कुणापुढे हात पसरणार नाही. भावापुढे तर नाहीच.

९ नोव्हेंबर

नदीकाठची सपाटी बाद. तिथली स्प्रूसची झाडं दारुड्यासारखी कलंडलीत — म्हणजे खाली बारमाही गोठलेली माती. घर बांधलं की त्याच्या उबेने वितळून खचलंच. वर उतारावर मात्र बर्च, जमीन कोरडी. बटाटा येईल. झरा अजून वाहतोय. सूर्य दुपारी जरासं नाक वर काढतो. चालेल मला.

१० नोव्हेंबर

उणे बत्तीस. लाकूड अंदाजाच्या दुप्पट जळतंय. जळू दे.

१३ नोव्हेंबर

नदीपलीकडचा एमेट आला, कुत्र्यांची गाडी घेऊन. एवढा एकच शेजारी, तोही खडूस. चहा प्यायला आणि उपदेश सुरू. "बाहेर पडताना चूल रचून ठेवत जा पोरी. परत येशील तेव्हा बोटं तुझं ऐकणार नाहीत."

म्हटलं, मी याच थंडीत वाढलेय.

"वाढलीस. गरम घरात!"

अस्सा राग आला! चूल मी पेटवणार, कशी ते मी ठरवणार. मुद्दाम नाही रचणार.

१९ नोव्हेंबर

काल झऱ्याच्या वरची जमीन बघून परतताना नदीवर पाय फसला. बर्फाखाली पाणी साचलेलं, गुडघ्यापर्यंत भिजले. बूट चालता चालता दगड झाला. हातांची बोटं तर पार बधिर. आणि घरी काय? गार राख, न फोडलेले ओंडके. वाटभर स्वतःला शिव्या घातल्या. मेले, असंच वाटलं.

दार ढकललं तर चूल रचलेली! सालं, ढलप्या, काडेपेटी उघडी, काड्या अर्ध्या बाहेर ओढलेल्या. दोन्ही तळव्यांत काडी धरून घासली. पेटली. मग ढसाढसा रडले.

टेबलावर वाळवलेल्या सामन माशाचा तुकडा. म्हातारा येऊन गेला तर! आता जन्मभर ऐकवणार.

२२ नोव्हेंबर

नाक मुठीत धरून एमेटकडे गेले. गुडघ्याला फडकं बांधून बसलेला.

"मी? अगं, तुझ्याकडून आलो आणि दारातच आपटलो. तेव्हापासून घरातल्या घरात लंगडतोय. आणि सामन मी खात नाही. गेला असेल कोणी वाटेने, थांबला असेल शेकायला."

"कोण पण?"

"मला काय ठाऊक! तू घरी नव्हतीस ना नाव विचारायला."

२३ नोव्हेंबर

जमीन घेतेय. ड्वाइटला हसू दे हवं तेवढं. सह्या करायला शहरात चाललेय. चूल रचली, काड्या अर्ध्या बाहेर काढून ठेवल्या. टेबलावर मुरंब्याची बरणी. दार नुसतं ओढून घेतलंय.