दोघांच्या सीटवरील आयातशुल्क

४ फेब्रुवारी २००६, हर्नडन. प्रातःकाल.
संकल्प : येत्या पाडव्यापर्यंत स्कूटर सुरू करणे. १९७४ची आहे. पुण्याहून घरसामानासोबत अमेरिकेत आणली, तेव्हापासून गराजमध्ये समाधिस्थ. हिच्याच मागच्या सीटवर बसून सौ. सुनेत्रा यांनी मला होकार दिला होता. सौ. सध्या कॅरी या गावी असतात. हवापालटासाठी. गेले अकरा महिने. नॉर्थ कॅरोलिनाची हवा त्यांना मानवली आहे असे ऐकतो. पाडव्यास स्कूटरसह त्यांच्या दारी उभा राहीन. उर्वरित निवेदन सीट करील.

५ फेब्रुवारी
पुण्यास मामेभाऊ चंद्रशेखर यास फोन. कार्बोरेटर, क्लच प्लेटा, केबल, नवी सीट. त्याने विचारले, सीट एकाची धाडू की दोघांची? एकाची स्वस्त पडते रे. त्याच्या अज्ञानाची कीव आली. दोघांची.

११ फेब्रुवारी
कन्या रुचा (वय सतरा, आईसमवेत कॅरीस) हिला फोनवर योजना निवेदन केली. बाबा, यू कान्ट टेक दॅट थिंग ऑन द इंटरस्टेट, म्हणाली. ट्रक भाड्याने घेऊन स्कूटर त्यात नेईन, अंतिम मैल तेवढा स्वतः चालवीन, असे सांगितले. मग तिने घाईने फोन ठेवला. भारावली असावी.

२४ फेब्रुवारी
कस्टमचे पत्र. पार्सल डलस विमानतळावर स्थानबद्ध. चंद्रशेखरने पावतीवर आपल्याकडील रिवाजाप्रमाणे नुसते ९५००/- लिहिले. रुपये आहेत हे त्याने गृहीत धरले; येथील अधिकाऱ्याने डॉलर गृहीत धरले. साडेनऊ हजार डॉलरचे सुटे भाग म्हणजे व्यापारी आयात. ब्रोकर नेमा, हमीपत्र द्या. क्षुल्लक बाब. आठवड्यात निकाली काढतो.

३ मार्च
निकाली निघाली नाही. ब्रोकर मिसेस हॅगर्टी, वयस्क व शांत. आकड्यापुढील तिरप्या रेघेचे भारतीय व्यवहारातील स्थान तिला अर्धा तास विशद केले. तिने विचारले, सर, इज इट फॉर रीसेल? पुनर्विक्री नव्हे, पुनर्मीलन, असे उत्तर सुचले. इंग्रजीत नीट सांगता आले नाही.
चंद्रशेखरकडे डॉलरची पावती मागितली. तो चिडला. तीस वर्षं असंच लिहितोय, म्हणाला, इन्कमटॅक्सवाल्यांनासुद्धा कळतं, तुमचे लोक काय शाळेत गेले नाहीत का?

१० मार्च
नवी पावती : दोनशे सोळा डॉलर. दोनशेपर्यंत शुल्कमाफी असते. सोळांनी हुकली. मिसेस हॅगर्टीच्या मते दोष सीटचा, तीच महाग. हाउ बॅडली डू यू नीड इट, हनी? असे तिने विचारले. शुल्क शिरोधार्य मानले.

१२ मार्च
सौ.चा स्वतःहून फोन. पाच महिन्यांत प्रथमच. मी तिथून निघाले ती तारीख तुझ्या डायरीत असेल ना, नेमकी हवीये, ईमेल कर, म्हणाल्या. वियोगदिनाचे स्मरण त्यांनाही आहे तर. तत्काळ लिहिले : शुक्रवार, १८ मार्च २००५, फाल्गुन शुद्ध अष्टमी, सकाळी साडेनऊ, निळी सूटकेस, रुचाची पेटी. आणि करुणरसार्थ अखेरचे वाक्य : तेव्हापासून आपण उभयतांनी एकही रात्र एका छपराखाली काढलेली नाही.
थँक्स, असे उत्तर आले. एका शब्दात केवढा संयम.

२८ मार्च
शुल्क भरले. पार्सल मुक्त. परवा येते. गराज झाडले, श्रीखंड आणले. कार्बोरेटर बसवण्यास दोन तास पुरेत. ट्रक दुपारी तीनचा.

३० मार्च, पाडवा
सकाळी दहाला कुरियरवाला. पाकीट पातळ. क्लच प्लेटा वेगळ्या धाडल्या असतील असे वाटले. ड्यूटी किती, विचारले. नथिंग ड्यू, सर, जस्ट साइन, म्हणाला. सही केली.
कॅरीच्या वकिलाचे होते. तिकडे घटस्फोटाला वर्षभर वेगळे राहिल्याचे दाखवावे लागते. पुरावा जोडला आहे. माझे ईमेल. फाल्गुन शुद्ध अष्टमीसकट. शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली आहे.
रुचाला फोन केला. सुरुवात तिने इंग्रजीत केली. मग मराठीत म्हणाली, बाबा, मला माहीत होतं, सांगता नाही आलं. जेवलात का?
ट्रक कॅन्सल केला.
पार्सल दुपारी आले. सगळे भाग बरोबर आहेत. सीट लावून पाहिली. बसते. मागे जागा बरीच आहे.
एकाची मागवली असती तर ड्यूटी लागली नसती.