मुळं धुऊन नेलेलं बाळ

आबा, तुमच्या नातीनं मला पार वेड लावलंय. सहा वर्षांची आहे, आणि तिला गप्प बसवील असा माणूस निदान लोणावळ्यात तरी अजून जन्माला आलेला नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, त्यामुळे तुमची-तिची गाठ पडलीच नाही. त्याचं मला कधी वाईट वाटतं, कधी बरं वाटतं. बरं का वाटतं, ते सांगायलाच बसले आहे.

दुसऱ्या बाळंतपणाला मी टाकव्याला, आपल्या घरी आले. मुलगा झाला, पण महिनाभर आधीच, आणि एवढासा. मला दूध पुरेना, डब्यातलं त्याला पचेना. आरोग्य केंद्रातली आशाताई दर आठवड्याला काटा घेऊन यायची, वजन बघायची, वहीत लिहायची आणि त्याला झबलं घालायची. वहिनी हळिवाचे लाडू करून करून दमली. दादा दारातून डोकावून जायचा. या महिन्यात वजन वाढलं नाही तर पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. मी त्याला मांडीवर घेऊन बसायचे आणि मला त्याच्या तोंडाकडे बघायची भीती वाटायची.

त्यात भातलावणी आली. पोरगी मामाच्या मागं खाचरात. आठ दिवसांत तिनं मामाची बोलीसुद्धा उचलली. दादानं तिला शिकवलं, "हितं दाटीत ऱ्हायलं की रोप पिवळं पडतंय. उपटायचं, मुळं धुवायची, आन चिखल चांगला असंल तितं लावायचं." झालं. दुसऱ्या दिवशी वहिनीचा परसातला झेंडू मुळासकट उपटून बाईसाहेबांनी बोळातल्या चिखलात ओळीनं लावला. वहिनी कपाळाला हात लावून बसली. "अगं कार्टे, कळ्या धरल्या व्हत्या की!" तर ही म्हणते, "दाटी झालती, मामी." मला त्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. तुम्ही मला खाचराचा एक कोपरा दिला होतात, आठवतं? मी लावलेली रोपं वाकडीतिकडी, पण कुणाला ती सरळ करू दिली नाहीत. कापणीला तेवढा कोपरा माझ्याच हातानं कापून घेतलात.

मग तो दिवस. सगळे शेतावर गेलेले, मी न्हाणीत. बाहेर येऊन बघते तर झोळी रिकामी. गोधडी नाही, पोरगी नाही, दारात तांब्या आडवा पडलेला. ओल्या केसांनी, अनवाणी धावत सुटले. बोळातली म्हातारी मावशी म्हणाली, "तुजी पोर बाळाला घिऊन विहाराकडं गेली बघ, प्लास्टिकचा कागद पांघरून."

बुद्धविहाराशेजारच्या घरातली सून माझ्याच आठवड्यात बाळंत झालेली, दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर. तिचं बाळ कसं गुटगुटीत! मी दारात पोचले आणि पाहते तर माझं लेकरू तिच्या छातीशी. पितंय, आबा. घटाघट पितंय, आवाज दारापर्यंत येतोय. असं पिताना मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. मला बघून ती चपापली. "ताई, रागावू नका. लय रडत व्हतं. मला ऱ्हाववलं न्हाई." आणि आमचं ध्यान शेजारी मांडी घालून बसलेलं, तोंडावर शेतकऱ्याचा गंभीरपणा. "घरी त्यो वाढत न्हाई ना. हिचं बाळ बघ किती वाढलंय. म्हणून हितं लावला." वर मला समजावते, "मी आधी मुळं धुतली." म्हणजे काय, तर पोराचे पाय तांब्याभर पाण्यानं धुऊन आणले होते. ती सून इतकी हसली की बाळाच्या तोंडातून दूध सुटलं. ते रडलं, आणि लगेच पुन्हा लागलं.

मी उंबऱ्याबाहेरच उभी. याच घरात लहानपणी मी माठातलं पाणी प्यायले होते, आणि तुम्ही मला घरात घेण्याआधी अंगणात उभं करून डोक्यावरून पाणी ओतलं होतंत. रागावला नव्हतात. "परत जाऊ नगं, बाय," एवढंच म्हणालात, आणि मग आपल्या हातानं मला जेवू घातलंत. त्या माणसाचं मी काय करू, मला आजवर कळलेलं नाही. पोरगी म्हणाली, "आई, आत ये की." गेले आत. पोरीकडे बघतच राहिले. एवढ्याशा डोक्यात हे आलं कुठून? आम्ही मोठी माणसं महिनाभर काटा बघत बसलो होतो. तिनं फक्त चिखल कुठला चांगला तेवढं बघितलं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, खरंच सांगते.

तेव्हापासून बाळाला रोज दोन वेळा त्या घरी नेते. घरात सांगते, फिरवून आणते म्हणून. गाल भरलेत, मांड्यांना वळ्या पडल्यात. आशाताईनं परवा काट्यावरून उचलून त्याचा मुका घेतला. दादा म्हणतो औषध लागू पडलं. वहिनीला कळलंय बहुतेक, कारण निघताना ती स्वतःच गोधडी पुढे करते.

उद्या त्याचं लांबलेलं बारसं आहे. विहाराजवळच्या त्या सुनेला आवतन द्यायला मी स्वतः गेले. म्हटलं, पाळण्याशी तुम्ही उभं राहायचं. ती म्हणाली, "तुमच्या दादांना इचारलं का?" मी व्हय म्हटलं. विचारलेलं नाही. दादा आत्ता ओट्यावर बसलाय, तुम्ही बसायचात तसाच, आणि हे लिहून झालं की मी त्याच्याकडे जाणार आहे. आबा, त्याच्या जागी तुम्ही बसलेले असतात, तर मी आवतन द्यायला गेलेच नसते.