शनिवारी काय काय पाहिलंस

प्रिय माऊ,

तुझी ठकू मजेत आहे, हे सगळ्यात आधी लिहिते, नाहीतर पाकिटावर माझं अक्षर बघूनच तू घाबरून फोन लावशील. फोन हाताशी असताना आईला पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली, असंही म्हणशील. त्याचं असं आहे की, फोनवर तुझं "हं, हं" ऐकू आलं की मी मुद्दा सोडून हवापाण्यावर घसरते. कागद मध्ये बोलत नाही. ठकू खालच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे बुद्धिबळ शिकायला गेली आहे, तेवढ्यात लिहून काढते. काल ती त्यांचा उंट खिशात घालून घरी आली. का, तर सगळे सरळ चालतात आणि तो बिचारा तिरका चालतो, म्हणून. तिचा पुढचा दात हलायला लागलाय. दिवसभर जिभेने ढकलत असते, आणि मी ओरडले की तोंड मिटून आतल्या आत ढकलते. हट्टीपणात अगदी तुझ्यावर गेली आहे.

तुझे बाबा असते तर त्यांनी तिला आधी खिडकीशी नेऊन "आ कर" म्हटलं असतं. चौतीस वर्षं त्यांनी लोकांचे दात घडवले. ती लॅब तुला आठवते ना? दवाखान्यामागची लांबोडकी खोली, टेबलावर प्लॅस्टरच्या जबड्यांची रांग, मेणाचा वास, आणि ती एक मोठी खिडकी. आमचं लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी मला चिडवायच्या, म्हणायच्या, तुला नवरा नाही, हत्ती मिळालाय, दाखवायचे दात वेगळेच असणार. पण माऊ, तुझे बाबा घरी येताना दारातूनच बोलत यायचे. हातपाय धुवायचीही सवड नसायची त्यांना. कुणा म्हाताऱ्या कारकुनाला कवळीतसुद्धा आपली जुनी फट हवी होती, नाहीतर बायको ओळखणार नाही म्हणाला. कुणा बाईंनी नवऱ्याची कवळी चुकून स्वतः घातली आणि दिवसभर त्याच्यासारख्या बोलल्या. ते नकला करायचे आणि मी पदर तोंडाला लावून हसायची. तू त्या वेळी इतकी लहान होतीस की तुला ते बोलके बाबा आठवतात की नाही, मला माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही.

त्या गोष्टींत एक बाई सारख्या यायच्या. बाबा त्यांना रंगवाली म्हणत. दात पांढरा नसतो, हे मला बाबांनीच शिकवलं. कुणाचा पिवळसर, कुणाचा करडा, कुणाचा मुळाशी गडद. शेजारच्या दातांशी रंग जुळला नाही तर सगळं काम वाया, आणि ते जुळवण्यात या बाईंचा हातखंडा होता. टेबलावर ठेवलेला दात एक दिसतो आणि ओठाच्या सावलीत दुसराच दिसतो. म्हणून दोघांपैकी एक जण खिडकीशी उजेडात बसायचा, दुसऱ्याने नवा दात त्याच्या ओठाशी धरून, मान तिरकी करून बघायचं. नऊ वर्षं त्यांचं हे काम चाललं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं, माऊ, हे लक्षात ठेव. बाई दोनदा घरी येऊन गेल्या होत्या, मी त्यांना आग्रह करकरून जेवायला वाढलं होतं. मग एकदा जेवताना बाबा एकटेच हसले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "काही नाही गं, कामातली गंमत आहे, तुला नाही कळायची." बस, एवढंच. त्यांच्या मनात काही नव्हतं, ते पुढचा घास घेऊन मोकळे झाले. माझा घास मात्र घशाशी अडकला तो अडकलाच. ज्या हसण्यात आपल्याला जागा नाही, असं हसणं ते रोज आठ तास कुणाबरोबर तरी हसतात, हे मला पहिल्यांदा दिसलं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझ्या मनाने तर वैऱ्याला कामच ठेवलं नाही.

त्यांना सरळ विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण विचारायचं म्हणजे आपल्याला वाईट वाटलंय हे कबूल करायचं, आणि ते माझ्याच्याने होईना. मी काय केलं? मी तुला पाठवलं. तुला शनिवारी शाळेला सुट्टी असायची आणि बाबांची लॅब अर्धा दिवस. पोरगी घरात कंटाळते, घेऊन जा, असं मी म्हटलं आणि बाबा इतके खूश झाले की त्यांनी तुझ्यासाठी छोटं स्टूल करवून घेतलं. तू आठ वर्षांची होतीस. संध्याकाळी तुझे केस विंचरायला घेतले की मी सहज विचारल्यासारखं विचारायची, "आज काय काय पाहिलंस?" पहिल्या दोन-तीन शनिवारी तू मेणाच्या आणि प्लॅस्टरच्या बातम्या आणल्यास. मग मी भराभर वेणी घालून तुला उठवायची. एकदा तू म्हणालीस, बाबांनी आणि रंगवाल्या मावशींनी एकाच डब्यातलं खाल्लं. त्या दिवशी मी तुला मांडीवर घेतलं, घातलेली वेणी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून विंचरायला बसले. मला तेव्हा कळत नव्हतं असं लिहिणार होते, पण या वयात खोटं कशाला? मला कळत होतं. पुढच्या शनिवारपासून तुलाही कळायला लागलं.

तो शनिवारही लिहिते, कारण त्याबद्दल आपण दोघी कधीच बोललो नाही. तू म्हणालीस, बाबांनी खिडकीत मावशींची हनुवटी धरली होती आणि ते दोघं खूप वेळ काही बोललेच नाहीत. मी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तू तेच सांगितलंस. खिडकीत हनुवटी का धरतात, हे या गावात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, तिथे दाताच्या रंगाची काय कथा. सोमवारी भर दुपारी मी लॅबमध्ये जाऊन उभी राहिले. दोन कारागीर, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, सगळ्यांसमोर मी म्हटलं, "यांना तोंड बघायची एवढीच हौस असेल, तर घरी बायको आहे." आणखीही पुष्कळ म्हटलं. ते लिहायला हात धजत नाही. बाईंनी हातातली कवळी खाली ठेवली, हात पुसले आणि बाबांना म्हणाल्या, "डावीकडचा दुसरा दात उद्या उजेडात परत बघा. मला पिवळट वाटतोय." मग पर्स घेऊन निघून गेल्या. पुन्हा त्या कामावर आल्या नाहीत.

मी तयारीत होते, की बाबा चिडतील, आकांडतांडव करतील, मग मी रडेन, मग आम्ही समेट करू. ते चिडलेच नाहीत. घरी येताना वाटेत एवढंच म्हणाले, "तू मला विचारायचं होतंस." त्यानंतर त्यांच्या गोष्टी बंद झाल्या. दातखीळ बसावी तसं झालं. रागाने म्हणावं तर तसंही नाही. पाणी हवंय का, तुझी फी भरली का, दार लावलं का, सगळं बोलायचे. माझ्या दुखण्यात त्यांनी माझे पाय चेपले. पण लॅबमध्ये आज काय झालं, हे मला पुन्हा कधी कळलं नाही, आणि शनिवारचं तुझं जाणंही त्यांनी काही न बोलता थांबवलं. तू दोन महिने रुसली होतीस. पाचेक वर्षांनी त्यांची कामं परत यायला लागली, रंग जुळत नाही म्हणून. एकट्याच्या नजरेचं ते काम नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला खिडकीशी बसवायला ते तयार होईनात. शेवटची सात वर्षं त्यांनी नुसतं प्लॅस्टर ओतलं. हाताखालच्या पोरांचं काम होतं ते. मी बघत होते, आणि तोंडातून शब्द काढत नव्हते.

आणखी एक सांगते आणि मग तुझ्याकडे वळते. त्या सोमवारनंतरही मी शोधत राहिले. खिसे, कपाटं, डायऱ्या. तुला वाटेल संशय फिटला नव्हता म्हणून. संशय केव्हाच फिटला होता गं. मला काहीतरी सापडायला हवं होतं, म्हणजे मी बरोबर ठरले असते. ते गेल्यावर चौदाव्या दिवशी मी त्यांचा कामाचा खण उपसला, तळापर्यंत. काहीसुद्धा निघालं नाही. तू बाहेर लोकांना चहा देत होतीस. मी आत बसून रडले ते बाबा गेले म्हणून, असं तू समजलीस.

दोन महिन्यांपूर्वी तू मला जावईबापूंच्या मैत्रिणीबद्दल सांगितलंस. दर शनिवारी सकाळी बॅडमिंटन, मग कॉफी, मग फोनवर हसणं. तुझा आवाज ऐकूनच माझ्या लक्षात आलं होतं की घास घशाशी अडकलाय. आणि त्या वेळी तुझ्या या शहाण्या आईने काय सल्ला दिला? डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा. गेल्या शनिवारी ठकूला सोडायला जावईबापू आले तेव्हा ती मैत्रीणही बरोबर होती. खेळून परस्पर आले होते. तासभर बसली. मी काय बघायचं बाकी ठेवलं असेल? आयुष्यभराचा सराव आहे. ती कशी बसते, तो तिच्या कपात साखर न विचारता घालतो का, हे सगळं बघितलं. घालतो. न विचारता, दीड चमचा. मोठ्याने हसतात दोघं, आणि तिने माझ्यासमोर त्याला "अरे गाढवा" म्हटलं. यातून काय समजायचं ते मला कळलं नाही, माऊ. तुझ्या नवऱ्याची हमी मी देऊ शकत नाही. कुणाचीच कुणी देऊ शकत नाही. तुला वाईट वाटतं, ते खरं आहे, आणि तुला मत्सरी म्हणून गप्प बसवायला मी हे लिहीत नाहीये. तुझं दुःख खोटं नाही. पण ते घेऊन जायचं दार एकच आहे, आणि ते त्याचं आहे.

आता ज्यासाठी कागद घेतला ते. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. ठकू फोन घेऊन पलंगाच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत जाऊन बसली आणि हळू आवाजात बोलत राहिली. मग स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, तू पण तिथेच होतीस ना? काय झालं ते सांग ना. मला काहीच दिसलं नाही. काही नाही सांगितलं की आई 'बरं' म्हणते आणि लगेच फोन ठेवते." मी म्हटलं, काही झालंच नाही तर तसंच सांगायचं. तर ती म्हणाली, "मागच्या वेळी पण तसंच होतं. मग मी सांगितलं की बाबांच्या मैत्रिणीने त्यांचा हात धरला, तेव्हा आई माझ्याशी खूप वेळ बोलली." माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. चार दिवस मी झोपलेली नाही. हात धरल्याचं तू खरं मानून बसली असशील, म्हणून आधी ते कळवते. तो हात ठकूने घडवलाय, तुला ती आवडावी म्हणून. आणि मग मला ते विचारायचं आहे, जे मी तीस वर्षांत स्वतःलाही विचारलं नाही. माऊ, त्या शनिवारी खिडकीत तू खरंच काही पाहिलं होतंस का? की मी तुला मांडीवर घ्यावं म्हणून तू ते आणलंस? उत्तर द्यायलाच हवं असं नाही. काहीही असलं तरी त्यात तुझा दोष तिळाएवढा नाही, हे मात्र मी तुला लेखी देते, कारण तू आजवर कसलं तरी ओझं वाहत असशील, अशी मला आता भीती वाटते. ठकूला मी रविवारी दुपारी आणून सोडते. मी दारातूनच परत जाईन. तिला जवळ घे, आणि तिला काही विचारू नकोस.

जिने तुला नको ते काम शिकवलं, ती

तुझीच,
आई