डिकी उघडू नये

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून गाडीची सगळी नोंद ठेवायची. माणूस गाफील राहतो म्हणून त्याला गंडवतात.

मिस्त्रीकडून गाडी आणली. पुढचे ब्रेक पॅड बदलले. अकरा वर्षं गाडी याच्याकडेच जाते आणि अकरा वर्षांत मी एकदाही बिल नीट वाचलेलं नाही. म्हणजे किती गेले असतील? (हिशोब करायला बसलो होतो. डोकं दुखायला लागलं. सोडला.) आज बिल सांगण्याआधी त्याने माझ्या नव्या बुटांकडे पाहिलं. आकडा बूट बघून ठरला यात शंका नाही.

ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा म्हणतो, जुना पार्ट परत मागायचाच, नाहीतर बदललाच नाही असं धरून चालायचं. मागितले. मिस्त्री थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग डब्यातून जुने पॅड काढले, पुसले, वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. चेहरा पडला होता. पकडलं गेल्यावर पडतोच.

पॅड डिकीत, मॅटखाली, स्टेपनीच्या शेजारी ठेवले. पुरावा आहे. हिला सांगितलेलं नाही.

एक मार्चला गाडी फिट पाहिजे. मुलीला पहिली नोकरी लागलीय, सहा तासांवरच्या शहरात. मी स्वतः सोडणार. ती म्हणाली, बसने जाईन. मी म्हटलं, दारात गाडी असताना? घरात तिच्या कानात सदैव इअरफोन. गाडीत सहा तास मिळतील. बोलायचे चौदा विषय कागदावर काढून पुढच्या कप्प्यात ठेवलेत.

४ फेब्रुवारी, सकाळी ९.१०

आवाज. मागून. स्पीडब्रेकरवर ‘खड’.

कालपर्यंत नव्हता. म्हणजे ब्रेक दुरुस्त केले आणि जाता जाता आवाज सोडून दिला, गिऱ्हाईक परत यायला. काय डोकं आहे.

५ फेब्रुवारी

हिला ऐकवायला घेऊन गेलो. पहिल्या स्पीडब्रेकरवर ही फोनवर बोलत होती. दुसऱ्यावर ऐकलं. म्हणाली, मिस्त्रीला विचार. मी म्हटलं, ज्याने केलं त्यालाच विचारायचं?

तरी फोन केला, न्याय म्हणून. त्याने सरळ विचारलं, डिकीत काही आहे का. विषय बदलायची जुनी पद्धत. माझ्या डिकीत काय आहे तो माझा प्रश्न आहे, असं ठणकावून सांगितलं. तो म्हणाला, गाडी घेऊन या, बघून देतो. फोन ठेवला. पुन्हा त्या दारात पाऊल ठेवणार नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

कंपनीचं सर्व्हिस सेंटर. एसी, काचा, मशीनची कॉफी. टाय लावलेला ॲडव्हायझर. इथे बुटांकडे कोणी बघत नाही. (सगळ्यांचेच चांगले.)

जॉब कार्डवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं : ‘डिकी उघडू नये.’ पुराव्याला कोणी हात लावता कामा नये. ॲडव्हायझर दोनदा म्हणाला, सर, आवाज मागून येतोय तर डिकी बघावी लागेल. मी त्याची सही घेतली.

लिंक रॉड बदलले. बुश बदलले. बुश म्हणजे रबराचे तुकडे असतात, हे बिल भरल्यावर कळलं. जुने पार्ट खोक्यात घालून घेतले, मोजून. खोकं डिकीत, पॅडच्या शेजारी.

९ फेब्रुवारी

खड-खड. आता दोन.

ॲडव्हायझर म्हणतो, नवे पार्ट ‘सेट’ व्हायला दोनशे किलोमीटर जातात.

१३ फेब्रुवारी

रोज ऑफिस सुटल्यावर बायपासवर फेऱ्या मारतोय. एकशे चाळीस झाले. सेट व्हायचं नाव नाही. काल हिने विचारलं, संध्याकाळी कुठे असतोस. गाडी सेट करतोय म्हटलं. तिने ज्या नजरेने बघितलं, त्यावरून वाटलं, दुसरं काही कारण सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आज मागच्या सीटवर मोबाइल ठेवून आवाज रेकॉर्ड केला. तांत्रिक पुरावा. मुलीला ऐकवला. चाळीस मिनिटांत खडखड अधूनमधून आहे. बाकीचा वेळ कोणीतरी मिस्त्रीला शिव्या देतंय. तिने विचारलं, बाबा, गाडीत कोण होतं? आवाज माझ्यासारखा वाटतो हे खरं. मोबाइलचा माइक बदलून घ्यायला हवा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मेहुण्याने सुचवलेला सस्पेन्शन स्पेशालिस्ट. सगळ्या राजकारण्यांच्या गाड्या म्हणे याच्याकडे येतात. मला बघताक्षणी म्हणाला, आधीच्यांनी तुम्हाला लुटलं. पहिला प्रामाणिक माणूस भेटला.

मी पूर्ण वेळ डिकीला पाठ लावून स्टुलावर बसलो. स्टूल कमरेत बोचत होतं. त्याने दोनदा विचारलं, डिकी रिकामी आहे ना. मी हो म्हटलं. पुरावा म्हणजे काही सामान नव्हे.

मागचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर बदलले. जुने परत मागितल्यावर हसला, म्हणाला, काय करणार, घरी लावणार? मी नुसतं हसून दाखवलं. हे हातभर लांब निघाले, स्टेपनीच्या खड्ड्यात मावेनात. घरी येऊन कपाटातली जुनी निळी बेडशीट घेतली, दोघांना त्यात गुंडाळलं, मॅटखाली आडवं ठेवलं. कोणाला शंका येणार नाही.

१६ फेब्रुवारी

खडाम्. खुडुम्. आता सरळ रस्त्यावरसुद्धा.

सिग्नलला रिक्षावाला वाकून बघत होता. मी रेडिओ मोठा केला.

म्हणजे हाही त्यातलाच. तिघांची आतून साखळी आहे. एक बिघडवतो, दुसरा वाढवतो, तिसरा कळस चढवतो. ऑफिसात शेजारच्याला सांगितलं. त्याने मान डोलावली. (त्याच्याकडे गाडी नाही.)

१९ फेब्रुवारी

झोप नीट नाही. ऑफिसात खुर्ची करकरली तरी मागे वळून बघतो.

ही निळी बेडशीट शोधतेय, मुलीचं सामान बांधायला हवी म्हणून. मी म्हटलं, लाँड्रीवाल्याकडे राहिली असेल. ही त्याच्याशी दहा मिनिटं भांडून आली. तो शपथा घेत होता म्हणे. थोडं वाईट वाटलं. पण त्यालाही एकदा तपासायलाच हवं होतं.

२२ फेब्रुवारी

हिने सगळी बिलं टेबलावर मांडली. म्हणाली, एवढ्यात पोरीला वर्षभर दर महिन्याला टॅक्सीने घरी आणता आलं असतं. बिलं पुन्हा गोळा करून गेली. मी पाठीमागून म्हटलं, मुद्दा पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे. तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

२५ फेब्रुवारी

सकाळी मुलीला बँकेत सोडायला निघालो. मी एका आवाजावर मान वळवली आणि पुढची स्कूटर अगदी जवळ आली. ब्रेक मात्र लागला.

ती म्हणाली, “बाबा, तुझं लक्ष रस्त्यावर नसतंच. सगळं आवाजाकडे असतं. मी बसने जाते.”

शुक्रवारच्या आत गाडी गप्प करून दाखवतो असं वचन दिलं. बरं म्हणाली. लहानपणी मी सांगायचो, उद्या नक्की सर्कसला जाऊ. तेव्हाही ती असंच बरं म्हणायची.

२७ फेब्रुवारी

निर्णय. जिथून सुरुवात झाली तिथेच जायचं. मिस्त्रीकडे. मदत मागायला नव्हे. सगळे पार्ट त्याच्यापुढे मांडायचे आणि तोंडावर विचारायचं. उद्या हाफ डे टाकतो.

२८ फेब्रुवारी, दुपारी २

शटर बंद. शुक्रवारी त्याची सुट्टी असते. अकरा वर्षं असते. आजही ठेवली, माझी अडचण माहीत असताना. (माहीत नव्हती, पण असायला काय हरकत होती?)

संध्याकाळी ७. हिने बसची दोन तिकिटं काढली. ही सोबत जातेय. मला कोणी विचारलं नाही आणि मीही भांडलो नाही.

१ मार्च, शनिवार, दुपार

पहाटे दोघींना स्टँडवर सोडलं. बॅगा डिकीत ठेवायला मुलगी मागे गेली. मी घाईने बॅगा मागच्या सीटवर कोंबल्या, तिच्या मांडीवरसुद्धा एक दिली. वाटेभर खडाम्-खुडुम्. बस सुटताना तिने खिडकीतून हात हलवला. मी हलवेपर्यंत बस वळली होती.

तिथून सरळ मिस्त्रीकडे, शटर उघडेपर्यंत बाहेरच थांबलो. वाक्य पाठ होतं. तोंड उघडायच्या आत त्याने डिकी उघडली. परवानगी नाही, काही नाही. मॅट उचलली. निळी बेडशीट सोडली, दोन शॉक ॲब्सॉर्बर काढून फरशीवर ठेवले. मग खोकं. मग स्वतःच्याच वर्तमानपत्रातली पुडी. ती त्याने जरा वेळ हातात धरली. मग शेजारी बसून म्हणाला, चालवा. मोठ्या रस्त्याच्या तिन्ही स्पीडब्रेकरवरून नेली.

काही नाही. टिक् सुद्धा नाही.

मी पाठ केलेलं वाक्य शोधत होतो. तोच म्हणाला, “साहेब, फोनवर विचारलं होतं मी.”

पैसे विचारले. नको म्हणाला. कशाचे घेऊ? आग्रह केला तर म्हणाला, पुढच्या वेळी पार्ट हवे असतील तर आधीच सांगा, बांधून देईन. मुलगी कधी जातेय, विचारलं. (नोकरीचे पेढे त्यालाही दिले होते.) तिसरीत असल्यापासून बघतोय तो तिला. सकाळी बसने गेली म्हटलं. त्याने हात पुसले आणि दुसऱ्या गाडीकडे गेला. मला लाज वाटली. हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे म्हणणार नाही.

लांबच्या रस्त्याने घरी आलो. काचा बंद. गाडी इतकी शांत की मागच्या सीटवरून कोणी हळू बोललं असतं तरी कळलं असतं. कप्प्यातला कागद काढला. पहिला विषय होता, तुला भीती वाटते का. तसाच घडी करून ठेवला.

बेडशीट घेऊन लाँड्रीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, तुमच्या घरचे कपडे आता घेत नाही.

घरी आलो तोच मुलीचा फोन. पोचली. रूम छान आहे, खिडकीतून झाड दिसतं, आई पंख्यावरची धूळ काढतेय. मग विचारलं, बाबा, आवाज गेला का? गेला म्हटलं. कशाचा होता?

तिचा शब्दन् शब्द ऐकू येत होता, मागे आईने सरकवलेली खुर्चीसुद्धा. मी म्हटलं, तुझा आवाज तुटतोय, नंतर करतो.