फ्यूजच्या जागची तार

नाना,

कारखान्याच्या चेअरमनची ती लाल इटालियन रेसची गाडी नीट झाली. दिव्याची वायर पत्र्याला घासून उघडी पडली व्हती, म्हणून फ्यूज उडायचा. तुमी तीस वर्षांपासूनचे मिस्त्री! ते न हुडकता फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार ठोकली अन् समद्या वायरी तापून वितळल्या. म्या वायरी बदलल्या, खरा फ्यूज बसवला. गाडी पोचवून तसाच लातूरला जातोय. वाट बघू नका.

दुष्काळात आपल्या विहिरीवरच्या मोटारीलाबी तुमी असलीच तार घातली व्हती. म्हणून मोटारीच्या अंगात वीज उतरली तरी ती तुटली न्हाय, अन् आपला धाकला बाबू मोटारीला चिकटून गेला. आईला तुमी सांगितलं, पोराचं नशीबच फुटकं.

गाडीतली तार हुडकत बसू नका. ती म्या आईच्या हातात दिलीया.

श्रीपती