बारीक धार

माय, नळ घट्ट आवळून झोपायची तू लावलेली सवय मागच्या महिन्यात इथं मला भोवली. मी आता लेहजवळच्या एका गावात शाळेवर शिकवते. आपल्यापासून फार वर, फार थंड, एवढंच सांगते. हिवाळा लागला की ऊन उतरताच बादलीतल्या पाण्यावर दुधावर साय यावी तसा बर्फ येतो. दोरीवरचे कपडे पत्र्यासारखे ताठ होतात. घरमालकिणीच्या घराची शेवटची खोली माझी, आणि पाण्याचा पाइप माझ्याच नळापाशी संपतो. म्हणून तिनं पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "मॅडम, सोते समय पतली धार छोड़ देना. पानी चलता रहा तो पाइप नहीं जमेगा." मी हो म्हणाले. रोज धार सोडून अंथरुणात शिरायचे, आणि सगळं लक्ष त्या आवाजाकडं. एका रात्री तो सहन झाला नाही. उठले, तोटी आवळली, आणि छान झोप लागली.

तुला ओळखणाऱ्या कुणाला याचं नवल वाटणार नाही. आपल्या गावात नळ कधी येईल याचा नेम नसायचा. कुठं थेंब गळताना दिसला की तू जेवत्या ताटावरून उठायचीस. शेजारच्या लग्नात साखरखेर्ड्याचा एक पाहुणा तोंडाला साबण लावून उभा होता आणि तू जाता जाता त्याचा नळ बंद केलास. तो डोळे मिटूनच म्हणाला, "बाई, मी काय गुन्हा केला?" तू म्हणालीस, "तोंड चोळून राह्यले ना तुम्ही? मंग पानी कायले सोडून ठेवलं? चोळून घ्या, मंग सोडा." सगळा मांडव हसला. तो पाहुणा चाचपडत तोटी शोधत राहिला. तुला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

सकाळी माझा नळ कोरडा. घरमालकीण रिकामं भांडं घेऊन दारात. तिची सून दवाखान्यातून बाळ घेऊन दुपारपर्यंत घरी यायची होती, मुलगा त्यांना आणायला गेलेला. बाळंतिणीला गरम पाणी हवं, बाळाला हवं. पाइप फुटला तर थंडी सरेपर्यंत दुरुस्ती नाही. ओढ्यावर जाऊन बर्फ फोडायचा आणि खालचं पाणी डोक्यावरून आणायचं. "धार टूट गई क्या?" तिनं विचारलं. "नाही, मीच बंद केला," मी हिंदीत म्हणाले. "क्यों?" मी तोटी पुन्हा उघडून पाहिली, थेंबही आला नाही. ती रागावली नाही. नुसती मान हलवून ओढ्याकडं जायच्या तयारीला लागली. मी किटली उकळायला ठेवली. भिंतीबाहेर पाइपाला जिथं वाकण आहे तिथंच पाणी गोठलं असणार. त्यावर उकळतं पाणी ओतायचं, एवढंच डोक्यात होतं.

किटली घेऊन मी त्या वाकणापाशी उभी आहे, आणि माझ्यासमोर आपलं शेत आहे. कापसाचं ते नवं बियाणं आल्याला दोन-तीन हंगाम झालेत. त्याला अळी लागणार नाही असं सगळे सांगत होते. त्या वर्षी अळी लागली नाही, पण शेवटचा पाऊस आला नाही आणि बोंडं अर्धीच उकलली. वेचायला कापूस हाती येईना. मग ऊन यायच्या आधी आपण अख्खी बोंडंच तोडून आणायचो आणि अंगणात बसून एकेक फोडायचो. दवानं माझी बोटं भिजून लाकूड व्हायची. बोंडाची टोकं त्यांत घुसायची, पण कळायचं नाही. घरी येताच मी चुलीकडं धावायचे. तिथं पऱ्हाटी, कापसाची वाळकी झाडं, धडधडत असायची. तू मागून दंड धरायचीस. "मरते का? एकदम शेकू नको वं, ठनकतीन बोटं. आन इकडे." आणि माझे दोन्ही हात तुझ्या काखेत. तुझ्या अंगावर काटा यायचा, ते मला कळायचं. तू हलायची नाहीस. "आलं का गरम?" "नाही." "मंग राहू दे अजून."

मी किटली खाली ठेवली. त्यातलं पाणी थंड पाण्यात मिसळून कोमट केलं, टॉवेल त्यात पिळून पाइपाला नळाच्या बाजूनं गुंडाळत गेले. गार झाला की दुसरा. घरमालकीण ओढ्याची वाट सोडून परत आली आणि टॉवेल पिळून देऊ लागली. वाकणावर आल्यावर मी टॉवेलवरून दोन्ही हातांनी पाइप धरून ठेवला. ऊन भिंतीवर चढलं तेव्हा आत काहीतरी खाकरलं, तोटीतून गढूळ पाणी उडालं, थांबलं, आणि मग धार लागली. घरमालकिणीनं आधी भांडं भरलं, मग माझे हात आपल्या लोकरी झग्यात ओढून घेतले. गाडी आली तेव्हा चुलीवर पाणी होतं. बाळ इतकं गुंडाळलेलं होतं की मला फक्त नाक दिसलं.

तू आता नाहीस, आणि होतीस तेव्हाही तुला वाचता येत नव्हतं. हा कागद गादीखाली ठेवीन.

आता मी रोज धार सोडून झोपते, माय. पण खाली बादली ठेवते. "उसकी ज़रूरत नहीं," असं घरमालकीण रोज म्हणते, आणि मी रोज ठेवते. सकाळी वरचा बर्फ फोडून त्याच पाण्याचा चहा करते. आणि धारेचा आवाज कानावर असला की मी दाराला कडी लावत नाही; न जाणो, तू नळ बंद करायला उठून आलीस तर.