मुशीची नाळ

४ फेब्रुवारी
ताईने मुशी चिरली आणि तिचा हात थबकला. "बघ गं, ही काय भानगड?"

हातभर लांबीची मासळी. पोटात बोटभर पिल्लं – अकरा! प्रत्येकाच्या छातीपासून एक दोरी निघालेली. तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढली मी, ही दोरी ओळखायला मला चष्मा लागत नाही. नाळ होती ती. माशाला नाळ.

ताई म्हणाली, "जन्मभर मासे कापतेय. आतडं समजून फेकून देत होते."

जेवण गेलं नाही.

५ फेब्रुवारी
उठल्यापासून तेच डोळ्यांपुढे.

७ फेब्रुवारी
कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात त्या बाईंकडे गेले. घाबरतच विचारलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ही किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यातली छोटी शार्क. अंडं जेमतेम मोहरीएवढं. त्यात पिल्लाची शिदोरी जवळजवळ नसतेच. म्हणून आई नाळेतून भरवते – पाच-सहा महिने. नाळेला केसांसारखी झालर. आणि आत प्रत्येक पिल्लाला वेगळी खोली!

आमच्या वॉर्डात एका खाटेवर दोघी असायच्या.

चालत घरी आले. रिक्षा करायचं सुचलंच नाही.

१२ फेब्रुवारी
सकाळी होडी लागली. एक मुशी नुकतीच मेलेली, पण पोट हलत होतं. ताईने सुरी माझ्या हातात दिली. "तू कर. मला नाही जमणार."

नऊ पिल्लं. नाळा कापल्या. दोन निपचित. सात बादलीत वळवळायला लागली – इवलीशी, पण पुरती शार्क. पर, शेपूट, डोळे, सगळं जिथल्या तिथे. सवयीने मी घड्याळात जन्मवेळ पाहिली.

कमरेएवढ्या पाण्यात उतरून ताईने एकेक सोडलं. क्षणात दिसेनाशी झाली. ताई मात्र तिथेच उभी.

"जगतील का गं?"

"माहीत नाही," म्हणाले. खोटं कशाला बोलू?

१३ फेब्रुवारी
ताई आज बाजारात बसली नाही. फोनही उचलला नाही.

१५ फेब्रुवारी
ताई आली. उभ्यानेच सांगितलं. लग्नाआधी तिला मुलगी झाली होती. मी तेव्हा नर्सिंगच्या वसतिगृहात. ताईला कावीळ झालीय, असं आईने मला कळवलेलं. तिसऱ्या दिवशी बाळ एका जोडप्याला दिलं. "त्यांचं गाव मला ठाऊक आहे," ताई म्हणाली. "एकटीने पाय उचलत नाही."

दहाच्या गाडीने दोघी निघतोय.